नक्शा पास करण्याआधी त्यात एक दिवस राहून पाहा

इंदुरात प्लॉटची रजिस्ट्री झाली की घरात दोन-तीन नक्शे येऊन पडतात. एक आर्किटेक्टचा, एक ठेकेदाराने ‘असाच पलीकडच्या गल्लीत बांधलाय’ म्हणून दिलेला, एक भाच्याने मोबाइलवर काढलेला. मग वाद रंगतो तो खोल्यांच्या संख्येवर: यात थ्री बीएचके बसतंय, त्यात दोनच. ही मोजणी जरा बाजूला ठेवा. नक्शा जोखायचा तो घरातली माणसं दिवसभर कशी वावरतात यावरून. विटा यायच्या आधी हे काम फुकटात होतं.

आधी माणसं लिहून काढा

कोण पाचला उठतं, कोण रात्री उशिरा येतं, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाचा अभ्यास आहे. त्याच वहीत कुळाचारही लिहा, कारण आर्किटेक्ट तो विचारणार नाही. महालक्ष्म्या कुठे उभ्या राहणार? घट कुठे बसणार? पंगत कुठे? समोरासमोर दोन ओळी मांडल्या तर पाट आणि ताट धरून दर ओळीला साडेतीन फूट लागतात, आणि वाढणाऱ्याला मधे तीन. झाले १० फूट. म्हणजे १० फुटी हॉलमध्ये सोफा आदल्या दिवशीच बाहेर काढावा लागणार. वर्षातून दोनदाच असेल तर चालेल म्हणा, पण हे आत्ता ठरवा.

कागदावरची मापं खरी करा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे वेळ घाला. २०×५० च्या प्लॉटवर ‘शेजारी शेजारी १०-१० च्या दोन खोल्या’ असं सर्रास सांगितलं जातं. हिशोब करा. दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती गेल्या की आत साडेअठरा फूट उरतात. मधली साडेचार इंची भिंत आणि चारही अंगांचं प्लास्टर वजा करा. हातात राहतात जेमतेम १८ फूट. खोली ९ फुटांची झाली. आता तिच्यात ६ फूट रुंद पलंग आणि २ फूट खोल कपाट समोरासमोर ठेवा. मधे फूटभर जागा. कपाटाचं दारसुद्धा उघडणार नाही. कपाट पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीला गेलं तर जमेल, पण मग खोलीचं दार कुठून, हे पुन्हा बघावं लागेल.

यासाठी चौकटींच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरा, आणि पलंग, कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन, देव्हारा याच मापाने कापून ते नक्श्यावर सरकवत बसा. दारं उघडी काढा, बंद नव्हे.

जिन्याचं मापही तपासा. एका मजल्याची उंची साडेदहा फूट धरली तर ७ इंचाच्या १८ चढण्या होतात. मधे वळण घेणारा, तीन फुटी जिना त्यासाठी साधारण १०×६ फूट खातो. पुढे-मागे एमओएस, म्हणजे नियमाने मोकळी सोडायची जागा, सोडून तुमच्याकडे समजा २०×३५ उरलं, तर त्यातला जवळपास बारावा हिस्सा जिन्याचा. नक्श्यात जिना याहून लहान दिसला तर पायरी उंच केली आहे असं समजा. आजी-आजोबा असलेल्या घरात ते चालणार नाही.

मग दिवस चालवून पाहा

नक्श्यावर बोट ठेवून पहाटेपासून सुरुवात करा. दूध कोण घेतं, आंघोळीला एकाच वेळी किती जण, नाश्त्याच्या गर्दीत ओट्यापासून फ्रीज किती पावलांवर. आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो, तेव्हा तितक्या डब्यांना जागा हवी, आणि गाडी वाजत आली की डबे देवघरासमोरून न्यावे लागू नयेत. पाहुणे बसलेले असताना बाथरूममधून खोलीत जायला हॉल ओलांडावा लागतो का? लागत असेल तर नक्शा परत पाठवा.

कागदावर पटलं की प्लॉटवर जा आणि चुन्याने खरा नक्शा आखा, भिंतींची जाडी दोन रेघांनी दाखवून. घरून खुर्च्या न्या. ‘आई, तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहा, आणि तू मागून भाजी घेऊन जा’ असं करून पाहा. कोणाचा धक्का कोणाला लागतो ते लगेच कळतं. मोकळ्या जमिनीवर खोल्या आहेत त्याहून लहान भासतात, त्याने घाबरू नका. टेपवर विश्वास ठेवा.

ऊन आणि शेजार

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, आणि थंडीत तिथूनच छान ऊन आत येतं. त्रास पश्चिमेचा. एप्रिल-मेमधलं कलतं ऊन छज्ज्याला जुमानत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटाची भिंत टाका. झोपायची खोली शक्यतो नको.

बाजूचा प्लॉट आज रिकामा आहे म्हणून त्या भिंतीच्या खिडकीवर भरवसा ठेवू नका. उद्या तिथे तीन मजले उभे राहतील. मधल्या खोल्यांना उजेड द्यायला जुन्या वाड्यांत चौक असे. आता निदान ५×५ ची, वर आभाळापर्यंत मोकळी जागा, ज्याला आर्किटेक्ट ओटीएस म्हणतात, ती मागून घ्या. जागा वाया जाते असं ठेकेदार म्हणेल. म्हणू द्या.

पाणी

नर्मदेचा नळ बऱ्याच वस्त्यांत दिवसाआड येतो. माणशी रोज १३५ लिटर धरले तर पाच जणांना दोन दिवसांचे १३५० लागतात. ५×५×४ फुटांच्या हौदात सुमारे २८०० लिटर मावतात, म्हणजे एक नळ चुकला तरी निभावतं. हौद आणि ड्रेनेजचा चेंबर पोर्चच्या विरुद्ध टोकांना हवेत. खालचं-वरचं बाथरूम एकावर एक असलं की पाइप सरळ उतरतात आणि पुढे गळती शोधणंही सोपं जातं.

पाया

माळव्याची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे हे खड्डा खणून बघितल्याशिवाय दोन नक्श्यांच्या खर्चाची तुलना करू नका. वास्तू मानत असाल तर ते गुरुजीही आत्ताच बोलवा, प्लिंथ, म्हणजे जोतं, झाल्यावर नव्हे.

शेवटी लाल पेनने तीन गोष्टींना गोल करा: जिना, बाथरूम आणि कॉलम. फर्निचर, रंग, मधली एखादी साडेचार इंची भिंत नंतर हलवता येते, या तीन नाही. त्यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं की मगच स्ट्रक्चर इंजिनिअरकडे फाइल द्या, आणि त्याच नक्श्याची एक प्रत तारीख-सहीनिशी ठेकेदाराकडे राहू द्या.