केबल रो करूनही पाठ भरत नाही? या चुका टाळा

बेंच प्रेस किंवा स्क्वॉट शिकताना चार जणांना विचारणारा माणूस केबल रोच्या (बसून केबलचं हँडल पोटाकडे ओढायच्या) मशीनवर मात्र थेट जाऊन बसतो आणि ओढायला लागतो. व्यायाम दिसायला बिनधोक आहे, त्यामुळे त्यात शिकण्यासारखं काय असणार, असं वाटतं. मग महिने जातात, वजन वाढवायची पिन खाली खाली सरकत राहते, बायसेप्स भरून येतात, कंबर आखडते आणि पाठ होती तिथेच राहते.

बहुतेकांची गडबड एकाच ठिकाणी असते, ती म्हणजे खांद्याची पाती हलतच नाहीत. पाठीची जाडी येते ती दोन पात्यांमधल्या रोम्बॉइड्स आणि ट्रॅपेझियसमधून, शिवाय काखेपासून कमरेपर्यंत उतरणाऱ्या लॅट्समधून. यातले रोम्बॉइड्स आणि ट्रॅपेझियस हाताला जोडलेलेच नाहीत, ते पात्यांना हलवतात. पाती जागची हलली नाहीत तर हालचाल फक्त खांद्याच्या सांध्यात आणि कोपरात होते, आणि कोपर वाकवण्याचं काम बायसेप्सचं. 'रो केला की हातच थकतात' ही तक्रार इथूनच येते.

हे तपासायला निम्म्याहून कमी वजन लावा. हात सरळ ठेवा, कोपर अजिबात वाकवू नका आणि फक्त पाती एकमेकांकडे ओढा. हँडल जेमतेम चार-पाच बोटं मागे सरकेल. आता पाती सैल सोडा, केबलला खांदे पुढे नेऊ द्या. एवढीशी हालचाल करतानाही अनेकांचे खांदे मागे जायच्याऐवजी कानाकडे वर जातात. तसं होत असेल तर मान लांब ठेवून पुन्हा करा. हे जमलं की मग कोपर मागे न्या. दर वेळी पाठीच्या दिवशी पहिला सेट असाच हलक्या वजनावर केलात तर पुढच्या सेटमध्ये काय जाणवायला हवं, ते कळतं.

'पाती मागे खेचून तशीच घट्ट धरून ठेव' असंही सांगितलं जातं. बेंच प्रेससाठी तो सल्ला उत्तम. रोमध्ये तो पाळला की पात्यांची हालचालच संपते. परत जाताना पाती पुढे सरकू द्यायलाच हवीत, स्नायूवर ताण असताना तो लांबतो तो तिथेच. म्हणून ओढायला एक सेकंद लागला तर सोडायला दोन-तीन सेकंद घ्या. हात पूर्ण लांब होण्याआधीच प्लेट्स खाली टेकत असतील तर थोडं मागे सरकून बसा.

झोके आणि कंबर

वजन झेपेनासं झालं की धड मदतीला येतं. पुढे वाकायचं, मागे झोकून द्यायचं, होडी वल्हवल्यासारखं. वजन हलतं, पण ते कंबर आणि मांड्यांच्या जोरावर. धड थोडंफार हलणं चालतं, ताठ पुतळ्यासारखं बसायची गरज नाही. पण ओढून झाल्यावर हँडल पोटाजवळ एक सेकंद थांबवता येत नसेल तर वजन जास्त आहे, सरळ हिशोब. पिन दोन खाचा वर घ्या.

गुडघे ताठ ठेवणं हे कंबरदुखीचं दुसरं कारण. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असले की पाय सरळ केल्यावर ते कटीला मागे ओढतात आणि कमरेला पोक येतो. मग त्याच पोकावर भार पडतो. गुडघे थोडे वाकवा. तरीही कंबर सरळ राहत नसेल तर बुडाखाली जाड पॅड घेऊन उंच बसा. कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर फॉर्म सुधारत बसू नका. व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

हँडल पोटाला लागलंच पाहिजे का?

नाही. कोपर धडाच्या किंचित मागे गेलं की पाठीचं काम झालं. त्यापुढे ओढलं की खांदा पुढे कलंडतो आणि ताण खांद्याच्या पुढच्या बाजूला जातो. ज्यांचे हात कोपरापासून पुढे लांब आहेत, त्यांचं हँडल पोटाला न टेकता थांबेल, आणि ते बरोबरच आहे. बाजूने व्हिडिओ काढून शेवटच्या क्षणी खांदा कुठे जातो, ते पाहा. समोरच्या आरशात हे दिसत नाही.

कोपर अंगालगत ठेवून बेंबीच्या दिशेने ओढलं तर लॅट्सवर भर येतो. रुंद दांडा धरून कोपर बाहेर ठेवले आणि छातीच्या खालच्या भागाकडे ओढलं तर पाठीचा वरचा भाग आणि खांद्याची मागची बाजू जास्त काम करते. गोंधळ होतो तो अरुंद हँडल धरून छातीकडे ओढताना. तिथे खांदे वर चढतात आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. बायसेप्स आधीच दमत असतील तर तळवे वर करून धरायची पकड काही काळ बाजूला ठेवा, कारण त्या पकडीत बायसेप्सला जास्त वाव मिळतो.

पकड आधी सुटत असेल तर शेवटच्या जड सेटना स्ट्रॅप (मनगटाला बांधून हँडलभोवती गुंडाळायचे पट्टे) वापरा. काहींना त्यात फसवणूक वाटते. मला वाटत नाही, आपण पाठ करायला बसलोय, मुठी नाही.

एक बाजू जास्त ओढते असं जाणवलं तर काही आठवडे एका हाताने करा, सुरुवात कमजोर बाजूने, आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच रेप्स, म्हणजे तेवढ्याच वेळा ओढणं.

वजन वाढवायची घाई नको, पण वाढवायलाच हवं. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 3-4 सेट, 8 ते 12 रेप्स. सगळ्या सेटमध्ये 12 नीट निघाले की पुढची खाच. फक्त आकड्यांची तुलना एकाच मशीनवर करा. पुलीची रचना वेगळी असली की प्लेटवर लिहिलेलं वजन आणि हाताला जाणवणारं वजन यात चक्क दुपटीचा फरक पडू शकतो. जिम बदललीत तर वहीत नवं पान सुरू करा.