ऑर्डर मे महिन्यात, भाजी ऑगस्टमध्ये: केटरिंगवाल्यांनी हंगाम कसा धरावा

ऑगस्टमधल्या साठीशांतीचं किंवा कंपनीच्या जेवणाचं कोटेशन बऱ्याचदा मे महिन्यातच द्यावं लागतं. ताटाचा दर त्या दिवशीच्या भाजीवर ठरतो आणि खरेदी होते तीन महिन्यांनी. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला तेव्हा हाताशी जुनी कोटेशनं घेऊन बसलेल्यांना हे फार सांगावं लागणार नाही. भाव आपल्या हातात नसतो, पण तो कधी हलेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. त्यासाठी पहिली सवय मोडायची ती खिडकीतून आभाळ बघण्याची.

१. माल जिथून येतो तिथला पाऊस बघा

दादरला धो धो पाऊस पडला म्हणून टोमॅटो महागत नाही. मुंबईच्या पावसानं गाडी अडकते; भाव ठरतो तो नारायणगाव, पिंपळगाव, लासलगावच्या बाजूला. एका वहीत आपल्या नेहमीच्या मालाची गावं लिहून काढा. टोमॅटो नाशिक आणि जुन्नर पट्ट्यातला, टंचाईत बंगळुरूकडचा. पालेभाजी आणि कोथिंबीर मुख्यतः नाशिक-पुण्याची. कांदा नाशिक आणि अहिल्यानगरचा. बटाटा बराचसा उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरातचा, तोही शीतगृहातून निघणारा, म्हणून त्याला इथल्या पावसाचं फारसं सोयरसुतक नसतं.

हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज पिवळा, नारंगी, लाल अशा रंगांत मिळतो. मुंबई-ठाण्याला लाल असेल तर काळजी रस्त्याची. नाशिक-पुण्याला नारंगी असला तरी काळजी शेतातल्या पिकाची, आणि ती जास्त महागात पडते. तारखांवर विसंबू नका. मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन थडकला.

२. फटका रस्त्याचा की शेताचा, ते ओळखा

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो, म्हणून थोडं सविस्तर.

माळशेजला दरड पडली, कसाऱ्याला वाहनं तुंबली, किंवा वावरात चिखल झाल्यामुळे तोडणी थांबली, की वाशी मार्केटमधली आवक एकदम घटते. भाव चढतो आणि पाऊस उघडला की दोन-चार दिवसांत खाली येतो. हा फटका रस्त्याचा. अशा वेळी घाबरून चार दिवसांचा माल भरून ठेवणं म्हणजे महाग घेऊन कुजवणं. दोन दिवस मेन्यू बदला आणि थांबा.

शेताचा फटका वेगळा. उभं पीकच गेलं, तर नवीन पीक हाती येईपर्यंत टंचाई राहते. मेथी साधारण महिन्याभरात येते, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत, भेंडीला दीड महिना, टोमॅटोला लावणीपासून दोन महिने आणि वर. म्हणजे कोथिंबीर झोडपली गेली तर पुढचा महिनाभर तिच्या नावानं बोंब. टोमॅटोचं तर आणखी कठीण: एप्रिल-मेच्या कडक उन्हात त्याची फुलं गळतात आणि त्याची टंचाई जाणवते जून-जुलैत. त्यामुळे मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाच्या बातम्या वाचण्यापेक्षा जुन्नर-नाशिकचा पारा पाहिलेला बरा.

एक फसवी स्वस्ताईही असते. मोठ्या पावसाचा इशारा आला की शेतकरी घाईनं माल काढतो, गाळ्यांवर ढीग लागतात, भाव पडतो. ‘पाऊस आला तरी स्वस्तच आहे की’ म्हणून निर्धास्त झालात, तर पुढच्याच आठवड्यात गाळा रिकामा दिसेल. तो स्वस्त मालही कोवळा किंवा ओला असतो, टिकत नाही.

३. वर्षाचा मेन्यू हंगामावर टाका

हिवाळ्यात काही करावं लागत नाही. मटार, फ्लॉवर, गाजर, मेथी, पावटा, सगळं मुबलक आणि टिकाऊ. उन्हाळ्यात लिंबू आणि पालेभाजी सांभाळा. आंबटासाठी कैरी आणि कोकम हाताशी असतंच.

पावसाळ्यात लोक ‘भाज्याच नसतात’ म्हणतात, ते मला पटत नाही. पालेभाजी रुसते, पण वेलभाज्यांचा तोच तर हंगाम: दुधी, पडवळ, शिराळं, घोसाळं, कारली, काकडी. अळू रसरशीत असतं. ऑगस्टमध्ये पुरंदरचा मटार येतो. पालघर, कर्जत, मुरबाडकडून रानभाज्या येतात. टाकळा किंवा करटोली पन्नास माणसांच्या जेवणात एखादी वाटी म्हणून सुरेख वाटते. पाचशेच्या पंगतीला मात्र तेवढा माल एकजिनसी मिळत नाही. शेवळं नवख्या हातात देऊ नका. काकडं, म्हणजे त्यात घालायची आंबट रानफळं, न घालता केली तर पाहुण्यांचे घसे खवखवतील.

कांद्याचं वर्ष वेगळं चालतं. मार्च ते मे निघणारा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांद्याच्या हवेशीर कोठारात, साठवून दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवला जातो, आणि नवा लाल कांदा ऑक्टोबरपासून येऊ लागतो. चाळ संपत आलेली आणि परतीच्या पावसात लाल कांदा भिजलेला, असं झालं की भाव उसळतो. तेव्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळाच्या कोटेशनमध्ये कांदा चढाच धरा. लाल कांद्यात पाणी जास्त, तो साठवू नका.

शिवाय पंचांग बघा. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली, लाल भोपळा हवामान कसंही असलं तरी महागतात. आषाढी एकादशीला रताळी, मार्गशीर्षात गुरुवारची फळं, भोगीला पावटा-गाजर-वांगी यांचंही तेच.

४. कोटेशनमध्ये पर्याय लिहूनच द्या

मेन्यूचे दोन भाग करा. डाळ, भात, उसळ, बटाटा, पनीर, गोड हे ठाम. भाजी, कोशिंबीर, चटणी हे बदलतं. बदलत्या पदार्थापुढे दुसरं नाव आधीच टाका: ‘फ्लॉवर-मटार किंवा दुधी-चणाडाळ, त्या आठवड्याच्या मालानुसार’. कोटेशनची मुदत लिहा आणि त्यापुढे भाजीचा भाग नव्या दरानं, असं एक वाक्य असू द्या.

हे तोंडी बोलून घेणंही गरजेचं.

‘दादा, मटार-पनीर मात्र पाहिजेच हं.’

‘काकू, ऑगस्टात ताजा मटार मिळतो, पण पाऊस लागून राहिला तर शेंगा काळ्या पडतात. तसं झालं तर फ्रोझन चालेल, की दुधीचा कोफ्ता लिहू?’

यावर बहुतेक काकू कोफ्ता घेतात. कार्याच्या आदल्या दिवशी हेच विचारलं, तर त्यांना फसवणूक वाटते.

५. माल वरून घेऊ नका

कोथिंबिरीची जुडी वरून हिरवीगार दिसते. बांधलेली सुतळी सैल करून मधल्या काड्या फाकवा. तिथे पानं काळपट, बुळबुळीत असतील आणि कुबट वास येत असेल, तर ती जुडी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. टोमॅटोचा क्रेट घेताना खालचा थर बघू द्यायला सांगा. भेगाळलेलं एक फळ आजूबाजूची चार बिघडवतं. कांद्याची मान दाबून पाहा, ती मऊ असेल किंवा सालीखाली काजळी असेल तर ती गोणी सोडा. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा स्वस्त पडतो, पण सोलायला बायकांचा दुप्पट वेळ जातो. ती मजुरी धरून मगच घ्या.

भाव किलोचा नाही, चिरलेल्या भाजीचा काढा. समजा, ४० रुपये किलोच्या भिजक्या फ्लॉवरमधून ४५ टक्केच भाजी निघाली, तर ती ८९ रुपयांना पडली. ५५ रुपयांच्या घट्ट गड्ड्यातून ६५ टक्के निघाली, तर ८५ रुपयांना. पावसाळ्यात हे गणित दर खेपेला नव्यानं करावं लागतं.

६. आणल्यावर

पालेभाजी धुऊन ठेवू नका. आधी पसरून सुकवा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा, धुवायची ती चिरण्याआधी. कांदा-बटाटा वेगवेगळे, हवेशीर जागी. जानेवारी-फेब्रुवारीत टोमॅटो स्वस्त असताना प्युरी करून डीप फ्रीजरमध्ये टाका. पावसाळी टोमॅटो पाणचट असतो, त्याची ग्रेव्ही आटायला गॅस जास्त लागतो, त्यात थोडी प्युरी घातली की काम भागतं. कोथिंबीर नसेल तिथे ओलं खोबरं आणि कढीपत्त्याची फोडणी द्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कच्च्या कोबीचं सॅलड मी तरी वाढणार नाही. काकडी सोलून किंवा वाफवलेली मोडाची उसळ ठेवा.

७. आदल्या रात्रीचा फोन

आदल्या रात्री साडेआठच्या सुमारास आपल्या व्यापाऱ्याला फोन लावा आणि भाव विचारण्याआधी विचारा: गाड्या निघाल्या का, माल भिजलेला आहे का? उत्तर डळमळीत असेल तर तेव्हाच पर्यायी भाजीवर या, चणाडाळ भिजत घाला, भाजी चिरायला येणाऱ्या बायकांना आणि यजमानांना निरोप द्या. पहाटे चारला गाळ्यावर उभं राहून मेन्यू बदलायला गेलात, तर समोरचा सांगेल तो भाव द्यावा लागतो.