गेमच्या जगात खानदेशचा निसर्ग कसा उभा करावा

कोडने डोंगर तयार करणं आता सोपं आहे. केन पर्लिनने १९८५ साली मांडलेलं नॉइजचं तंत्र, म्हणजे सलग चढउतार असलेले रँडम आकडे, आणि त्याची भावंडं बहुतेक गेम इंजिनमध्ये मिळतात; गोडो या मोफत इंजिनमध्ये ‘फास्टनॉइजलाइट’ तयारच असतं. पण नुसत्या नॉइजवर उभ्या केलेल्या जगात पाच मिनिटं फिरलं की सगळीकडे तेच ते दिसतं. खऱ्या मुलखात कुठे काय आहे याला कारण असतं. ते कारण आधी कोडमध्ये घाला, रँडम आकडे नंतर. नमुन्याला खानदेश घेऊ, कारण इथली कारणं डोळ्यांना दिसतात.

आधी १०२४ × १०२४ पिक्सेलचा उंचीचा नकाशा घ्या, ज्यात प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्या जागेची उंची, आणि एक सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, ठरवा. सीड तोच राहिला तर जगही तेच राहील, म्हणजे चूक शोधताना डोकं ठिकाणावर राहतं.

मग मुलखाची रूपरेषा हातानेच काढा: उत्तरेला उंच सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे पश्चिमेकडे उतरत जाणारं तापीचं खोरं. यावर पाच ऑक्टेव्हचं, म्हणजे एकावर एक पाच थरांचं, नॉइज टाका. दर ऑक्टेव्हला बारकावा दुप्पट, जोर निम्मा. मात्र हे नॉइज जागेच्या उंचीने गुणा. डोंगरात ते पूर्ण दिसावं, काळ्या मातीच्या सपाटीवर जवळपास शून्य व्हावं. सपाटी सपाट ठेवायला बरेच जण कचरतात. पण ती नसेल तर डोंगर उंच वाटणार कसा?

आता दगड. इथला बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांनी बनला, म्हणून डोंगरांना पायऱ्या असतात. उंचीला पायरीच्या उंचीने, समजा २० मीटरने, भागा. पूर्णांक तसाच ठेवा, अपूर्णांकाचा चौथा घात घ्या, दोन्ही मिळवून परत २०ने गुणा. सपाट पट्टा आणि त्यामागे एकदम उभा कडा, असा आकार मिळतो. पायरीची उंची मोठ्या आकाराच्या नॉइजने थोडी कमीजास्त करा, नाहीतर डोंगराचा घाट होतो, तोही नदीवरचा, फरसबंद. धुळे-नंदुरबारकडे आणखी एक गंमत आहे: भेगांमधून वर आलेल्या लाव्ह्याच्या लांबच लांब, सरळ, बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद टेकड्या, म्हणजे डाइक. तीन-चार रेषा साधारण त्याच दिशेने ओढा, तिथली उंची वाढवा आणि नॉइज ठरावीक आकड्याखाली गेलं की टेकडी तोडा. खिंडी आपोआप पडतात. एवढ्यानेही जगाला ओळख येते.

त्यानंतर पाणी. नकाशातले बंदिस्त खड्डे भरून घ्या. मग सगळ्यात उंच पिक्सेलपासून सुरुवात करून प्रत्येकाचं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात खालच्याला द्या. जिथे साठा मर्यादेपलीकडे जाईल तिथे नाला; तेवढी जमीन कोरा. हा हिशेब पूर्ण नकाशावर एकदाच करा. तुकड्यातुकड्याने केलात तर नाला तुकड्याच्या कडेशी येऊन गायब होतो.

झाडं लावायला आता तीन नकाशे हाताशी आहेत: उंची, तिच्यावरून निघणारा उतार आणि पाण्याच्या साठ्यावरून कळणारी ओल. सातपुड्याच्या अंगावर साग, कोरड्या खडकाळ उतारावर सालई आणि अंजन, पायथ्याशी पळस, नाल्याकाठी अर्जुन, सपाटीवर बाभूळ-कडुनिंब. झाडांच्या जागांसाठी पॉइसन डिस्क सॅम्पलिंग वापरा, म्हणजे रँडम पण एकमेकांपासून किमान अंतर राखणारे बिंदू. झाडं एकमेकांवर चढत नाहीत आणि रांगाही दिसत नाहीत. रावेर-यावलच्या केळीची बाग दाखवायची असेल तर मात्र उलटं, साधारण दीड मीटरवर सरळ ओळी. प्रत्येक जातीची तीन-चार मॉडेलं, आकार ०.८ ते १.३ पट आणि वेगवेगळं वळण पुरतं. गोडोमध्ये ती मल्टीमेशने, म्हणजे एकाच मॉडेलच्या अनेक प्रती एकदम काढणाऱ्या सोयीने, काढा, नाहीतर जंगल दाट झालं की फ्रेमरेट बसतो, गेम अडखळतो.

ऋतूसाठी वेगळं जग नको, झाडं-गवताचे रंग आणि पानं ठरवणारा ऋतूचा एक आकडा ठेवा आणि तो बदला. फाल्गुनात पळस लाल, मेमध्ये साग उघडा आणि गवत पिवळं, जुलैत सगळं हिरवं.

शेवटी वीस सीडचे छोटे नकाशे एकाच पडद्यावर शेजारी लावून बघा. ते सारखेच दिसत असतील तर ऑक्टेव्ह वाढवत बसू नका. नदी थोडी दक्षिणेला सरकवा, डोंगररांगेची रुंदी सीडवर सोपवा आणि पुन्हा बघा.