छोट्या ख्रिश्चन कॉलेजात अमेरिकन फुटबॉल कोचिंग करायचं तर

अमेरिकेतल्या अशा कॉलेजात कोच म्हणून रुजू होताना आधी एकच विचारून घ्या: कॉलेज डिव्हिजन ३ मध्ये (एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेचा तिसरा गट) आहे की एनएआयएमध्ये (छोट्या कॉलेजांची वेगळी क्रीडा संघटना)? डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही. फक्त गरजेनुसार किंवा मार्कांवर मदत मिळते. म्हणून मुलाच्या घरी फोन लावण्याआधी आर्थिक मदतीच्या ऑफिसात जाऊन बसा. आई-वडील पहिल्या पाच मिनिटांत फीचंच विचारतात, आणि तिथे गुळमुळीत बोललात की मुलगा गेलाच म्हणून समजा.

श्रद्धेबद्दलही आडपडदा नको. चॅपलला, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेला, हजेरी सक्तीची असेल, दारूबंदीचा नियम असेल, तर पहिल्याच भेटीत सांगून टाका. मात्र प्रार्थनेत कोण किती रमतो यावर कोण खेळणार हे ठरवू नका. मला तो प्रकार अजिबात पटत नाही.

आता मैदान. माणसं कमी, म्हणून प्लेबुक, म्हणजे ठरवलेल्या डावांची वही, आटोपशीर ठेवा. सेंटर (पुढच्या रांगेतला मधला खेळाडू) जखमी झाला तर त्याच्या शेजारच्या गार्डला स्नॅप, म्हणजे पायांमधून मागे बॉल, देता आलाच पाहिजे; रोज सरावाआधी दोघांकडून करून घ्या, अधूनमधून बॉल ओला करून. पंटचा (बॉल लाथेने लांब उडवून समोरच्या संघाकडे देण्याचा) स्नॅप तर वेगळंच प्रकरण. लाथ मारणारा पंटर साधारण १५ यार्ड मागे असतो, बॉल त्याच्या कमरेच्या उंचीवर, पाऊण सेकंदाच्या आसपास पोचायला हवा. त्यासाठी अंगापिंडाने दांडगा मुलगा शोधत बसू नका, मनगट पाहा.

मॅच शनिवारी. रविवारी चर्च, म्हणून व्हिडिओ शनिवारी रात्रीच बघून टाका.