कॉम्प्लिमेंटवर संशोधन करायचंय? आधी ते थांबतं कसं ते शिका

पीएचडीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला वाचायला काहीच दिलं नाही. दोन नळ्या दिल्या. दोन्हींत मेंढीच्या तांबड्या पेशी, त्यांच्यावर आधीच बसवलेली अँटिबॉडी आणि एकाच माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव. फरक एवढाच, की एका नळीतलं सीरम आधी ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवलेलं होतं. ३७ अंशांच्या वॉटर बाथमधून नळ्या बाहेर काढल्या, तेव्हा एकीतलं गढूळ मिश्रण स्वच्छ, आरपार लाल झालं होतं. पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडलं होतं. तापवलेल्या सीरमच्या नळीत पेशी जशाच्या तशा होत्या. "हे कोणी केलं ते शोध," सर एवढंच म्हणाले.

ज्यूल बोर्दे यांनी १८९० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेच पाहिलं होतं. अँटिबॉडी उष्णतेला टिकते, पण तिच्या जोडीने मारणारं सीरममधलं काहीतरी टिकत नाही. त्याला 'कॉम्प्लिमेंट' हे नाव पॉल एहर्लिश यांनी दिलं. बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. त्या वेळी जो एक पदार्थ वाटला होता, ती प्रत्यक्षात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या ३० हून अधिक प्रथिनांची यंत्रणा निघाली.

नव्या माणसाला पहिला त्रास होतो तो नावांचा. या प्रथिनांना सी१, सी२ असे आकडे आहेत, पण ती एकामागून एक कामाला लागतात त्या साखळीत, म्हणजे क्लासिकल नावाच्या मार्गात, सी१ नंतर सी४ येतो, मग सी२ आणि त्यानंतर सी३. हे पाठ करताना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. चुकत नसतं, आकडे शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या क्रमाने नाही. माझं ऐकाल तर पुस्तकातली रंगीत आकृती बघत बसू नका. कोरा कागद घ्या आणि आठवड्यातून एकदा, न बघता, सगळी साखळी हाताने काढा. मला नीट जमायला दोन महिने लागले. पण त्यानंतर कुठलाही शोधनिबंध वाचताना साखळीतली नेमकी जागा डोळ्यांसमोर यायला लागली.

सुरुवातीचे मार्ग तीन. अँटिबॉडीवर सी१ चा सी१क्यू हा भाग बसतो तो क्लासिकल, जंतूच्या पृष्ठभागावरच्या साखरा ओळखून सुरू होतो तो लेक्टिन, आणि तिसरा अल्टरनेटिव्ह. तिन्ही सी३ पाशी येऊन मिळतात. सी३ चे दोन तुकडे होतात. छोटा सी३ए दाह वाढवतो. मोठा सी३बी जंतूला घट्ट चिकटतो आणि भक्षक पेशींना खूण पटवतो. पुढे सी५ तुटतो आणि शेवटी सी५बी ते सी९ मिळून जंतूच्या आवरणाला भोक पाडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सी३ च्या पोटात थायोएस्टर नावाचा एक रासायनिक बंध असतो. तो थोड्या प्रमाणात सतत, आपोआप, नुसत्या पाण्याने तुटत राहतो. म्हणजे अल्टरनेटिव्ह मार्गाला कुणी हाक मारावी लागत नाही. तो मंद आचेवर कायम चालूच असतो. एक लिटर रक्तद्रवात सुमारे एक ग्रॅम सी३ असतो, आणि तयार झालेला प्रत्येक सी३बी आणखी सी३ तोडायला मदत करू शकतो. मग आपल्या स्वतःच्या पेशी वाचतात कशा? फॅक्टर एच, फॅक्टर आय, सीडी४६, सीडी५५, सीडी५९ ही ब्रेकचं काम करणारी प्रथिनं आहेत, आणि हे सगळे त्या आगीवर पाणी मारत बसलेले असतात म्हणून. या विषयात तुम्ही 'हे सुरू कशाने होतं' एवढंच विचारत राहिलात, तर अर्धी वर्षं वाया जातील. 'हे थांबत का नाही' हा प्रश्न विचारायला लागलात, की रोग दिसायला लागतात.

माझी आठ महिन्यांची चूक याच मुद्द्यावरची आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. आम्ही एका दाहक आजाराच्या रुग्णांच्या रक्तातला सी३ए मोजत होतो. रुग्णांमध्ये तो निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त येत होता. आलेख इतका देखणा होता, की मी निबंधाचा मसुदाही लिहायला घेतला. प्रयोगशाळेच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "रक्त काढल्यापासून ते गोठवेपर्यंत किती वेळ गेला?" मी नोंदी काढल्या. रुग्णांचे नमुने बाहेरून येत, सीरमच्या साध्या नळीत, चार-चार तास खोलीच्या तापमानाला राहिलेले. निरोगी नमुने आमच्याच मजल्यावरचे, दहा मिनिटांत बर्फात. मग मी निरोगी माणसाचं रक्त मुद्दाम चार तास तसंच ठेवून मोजलं. रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक नाहीसा झाला. मी आजार मोजलाच नव्हता, नळीतला वेळ मोजला होता.

म्हणून हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. सी३ए, सी५ए यांसारखे तुकडे मोजायचे असतील तर रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या, लगेच बर्फात ठेवा, लवकर सेंट्रिफ्यूज करा आणि उणे ८० अंशांत ठेवा. ईडीटीए हे रसायन साखळीला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही धरून ठेवतं, त्यामुळे साखळी जागच्या जागी थांबते. पण असा मिळालेला प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातला द्रव, पेशी फुटण्याच्या चाचणीला चालत नाही. तिथे सीरमच लागतं. फक्त अल्टरनेटिव्ह मार्ग बघायचा असेल तर मुख्यतः कॅल्शियमच धरणारं ईजीटीए आणि वरून मॅग्नेशियम घाला. कॅल्शियम नसल्यामुळे क्लासिकल आणि लेक्टिन मार्ग बंद पडतात. सीरमचे छोटे छोटे भाग करून गोठवा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. आणि तापवलेल्या सीरमची नळी प्रत्येक प्रयोगात हवीच, शेवटच्या वर्षीसुद्धा.

प्राण्यांच्या बाबतीतही घाई नको. उंदराचं सीरम पेशी फोडण्याच्या चाचणीत फार दुबळं ठरतं. माणसाच्या सी५ ला अडवणारं एक्युलिझुमॅब हे औषध उंदराच्या सी५ ला धरतच नाही. सी३ ला अडवणारं कॉम्प्स्टॅटिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, फक्त माणूस आणि माकडवर्गातल्या सी३ वर चालतं. आपलं औषध कुठल्या प्राण्यात चालतं हे उंदरांची मागणी नोंदवण्याआधी बघा.

रोगांकडे वळताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जन्मतः एखादं प्रथिन नसलेल्या रुग्णांनी. सी५ ते सी९ यांपैकी एखादं नसेल, तर माणूस बहुतेक जंतूंशी ठीक लढतो, पण मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा जंतू त्याला पुन्हा पुन्हा गाठतो. सी१क्यू नसेल तर दाह कमी व्हावा असं वाटतं, पण अशा बहुतेकांना ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, होतो, कारण मेलेल्या पेशी उचलायला लावणं हेही सी१क्यूचंच काम आहे. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पीएनएच (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया) या रक्ताच्या आजारात ब्रेक हरवलेला दिसतो. रक्ताच्या मूळ पेशीत पिग-ए जनुक बिघडतं, सीडी५५ आणि सीडी५९ यांना पेशीवर धरून ठेवणारा नांगर तयार होत नाही, आणि रुग्णाच्या तांबड्या पेशी त्याच्याच कॉम्प्लिमेंटकडून फुटतात. माझ्या पहिल्या नळीत घडलं तेच, फक्त माणसाच्या शिरांमध्ये. २००७ मध्ये अमेरिकेत एक्युलिझुमॅबला मान्यता मिळाली आणि या रुग्णांचं आयुष्य बदललं. पण सी५ अडवला की मेनिंगोकॉकसचा धोका वाढतो, म्हणून शक्य असेल तेव्हा औषधाच्या किमान दोन आठवडे आधी त्याची लस देतात. जन्मतः सी५ नसलेल्या माणसांनी जे आधीच दाखवून दिलं होतं, तेच औषधाच्या माहितीपत्रकात धोक्याची सूचना म्हणून आलं.

एखाद्या शोधाला फळ यायला किती वेळ लागतो, हेही विचारलं जातं. कॉम्प्स्टॅटिनचा पहिला निबंध अरविंद साहू, ब्रायन के आणि जॉन लॅम्ब्रिस यांचा, १९९६ चा. फाजवर, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर, मांडलेल्या असंख्य पेप्टाइडमधून सी३ ला धरणारं एक त्यांनी वेचून काढलं. त्याच वंशातलं पेगसेटाकोप्लान हे औषध पीएनएचसाठी २०२१ मध्ये मंजूर झालं. पंचवीस वर्षं. लुई पिलेमर या संशोधकांचं याहून अवघड. अँटिबॉडीशिवायही कॉम्प्लिमेंट सुरू होतं, त्याला प्रॉपर्डिन हे रक्तातलं प्रथिन लागतं, हे त्यांनी १९५४ मध्ये मांडलं. त्यावर कठोर टीका झाली आणि १९५७ मध्ये ते गेले. ते बरोबर होते हे पुढे सिद्ध झालं, तोवर ते ऐकायला नव्हते. अल्टरनेटिव्ह मार्ग शिकवताना मी त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

विषय निवडताना मूत्रपिंड, डोळा आणि मेंदू या तिघांकडे जरूर बघा. फॅक्टर एचमधल्या ४०२ व्या जागचा एका अमिनो आम्लाचा बदल वयानुसार होणाऱ्या मॅक्युलर डिजनरेशनशी जोडलेला आहे, हे २००५ मध्ये कळलं. तोवर नेत्रपटलाच्या या आजारात कॉम्प्लिमेंटचा विचार थोडेच लोक करत होते. विषाणूंचं दालनही मला फार आवडतं. देवीच्या लसीत वापरलेला व्हॅक्सिनिया विषाणू आपल्या ब्रेकसारखं प्रथिन स्वतः बनवून बाहेर सोडतो, हे गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी १९८८ मध्ये त्याच्या रचनेवरून दाखवलं. आपली यंत्रणा कुठे थांबवता येते, हे विषाणूंना आपल्या आधी कळलेलं असतं.

आणि प्रयोगशाळा निवडायला जाल तेव्हा मोठ्या यंत्रांकडे बघून भारावू नका. उणे ८० च्या फ्रीझरची नोंदवही बघायला मागा. रक्त काढल्याची वेळ आणि गोठवल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने त्यात असतील आणि ते भरलेले असतील, तर तिथे खुशाल रुजू व्हा.