ईएसबीएलची प्लेट: पाच डिस्क आणि एक स्केल

लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जिवाणू आले आणि सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकांचे झोन (औषधाच्या कागदी डिस्कभोवतीची, जिवाणू न वाढलेली वर्तुळं) आखडलेले दिसले, की मी ईएसबीएल, म्हणजे ही औषधं निकामी करणारं जिवाणूचं एन्झाइम, शोधायला दुसरी प्लेट लावते. कोकणातल्या छोट्या लॅबमध्ये बावीस वर्षं हेच करतेय.

ताज्या कॉलनीचं सलाइनमध्ये ०.५ मॅकफरलंडइतकं (गढूळपणाचं ठरलेलं माप) सस्पेन्शन करा. ट्यूब कार्डावरच्या काळ्या रेघांसमोर धरा, अंदाजपंचे नको. स्वॅब ट्यूबच्या कडेला दाबून पिळा, मग म्युलर-हिंटन आगरच्या प्लेटवर तीन दिशांनी फिरवा. पंधरा मिनिटांच्या आत डिस्क ठेवा: सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिम, दोन्ही ३० मायक्रोग्रॅमच्या; त्यांच्याच १० मायक्रोग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेल्या जोडीदार; आणि मधोमध सेफॉक्सिटिन, हेही अँटिबायोटिकच. ३५ अंशांवर १६ ते १८ तास.

सकाळी स्केल घ्या. कुठल्याही एका जोडीत क्लॅव्ह्युलॅनिकवाला झोन साध्यापेक्षा ५ मिमी किंवा जास्त मोठा, तर ईएसबीएल. हे एन्झाइम औषधातलं चार अणूंचं बीटा-लॅक्टम कडं फोडतं. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतःच त्याच्या घशात अडकून बसतं, तेवढ्यात सेफोटॅक्झिम आपलं काम उरकतं.

सेफॉक्सिटिनला असा सोबती लागत नाही. त्याच्या कड्याला, सातव्या कार्बनवर, मेथॉक्सी गटाची पाचर आहे. ईएसबीएलला तिथे नीट तोंडच घालता येत नाही. म्हणून त्याचा झोन सहसा मोठाच राहतो. तोही आखडला, तर एम्प-सी या दुसऱ्या एन्झाइमचा संशय घ्या. एम्प-सी क्लॅव्ह्युलॅनिकला जुमानत नाही आणि ईएसबीएलला झाकून टाकतो. तेव्हा हीच साधी आणि क्लॅव्ह्युलॅनिकवाली जोडी सेफेपिम या अँटिबायोटिकची लावून बघा. एम्प-सीला सेफेपिम फारसं फोडता येत नाही.

एका जुलैत सलग तीन दिवस माझ्याकडे एकही ईएसबीएल निघाला नाही. मी खूश! चौथ्या दिवशी कंट्रोल, म्हणजे ईएसबीएल नक्की असलेला जिवाणू, लावला, तोही निगेटिव्ह. डिस्कच्या डबीतली ओल शोषणारी निळी सिलिका गुलाबी झाली होती, म्हणजे आत ओल शिरली होती. गार डबी फ्रीजमधून काढून मीच लगेच उघडत होते. आत दव धरायचं, आणि क्लॅव्ह्युलॅनिकला ओल अजिबात सोसत नाही. तिन्ही दिवसांचे नमुने पुन्हा लावले, डॉक्टरांना फोन केले.

आता डबी तासभर बाहेर ठेवून मगच उघडते. शिवाय कंट्रोलला ईएसबीएल असलेला क्लेबसिएला एटीसीसी ७००६०३ (एटीसीसी म्हणजे प्रमाणित जिवाणूंचा संग्रह), शेजारी ईएसबीएल नसलेला ई. कोलाय २५९२२. दुसऱ्यात जोडीतल्या झोनचा फरक २ मिमीच्या वर गेला, तर त्या दिवशीचे रिपोर्ट थांबवते.