नवी परफॉर्मन्स कार सांभाळायची कशी: आधी चाकं, मग इंजिन

गाडी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय असो, बीएमडब्ल्यू एम३४०आय असो की फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, ती शोरूमबाहेर पडली की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. नायट्रोजनच भरा. हजार किलोमीटर साठच्या वर जाऊ नका. बंद करण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. या गोष्टींवर वेळ घालवणारा मालक पंक्चर निघालं की गाडी टपरीसमोर उभी करतो आणि चहाला निघून जातो. मागे चाकाचं काय होतं ते त्याला दिसत नाही. सहा महिन्यांनी स्टेअरिंग थरथरतं आणि दोष कंपनीला जातो. म्हणून इथे इंजिनाला थोड्या ओळी आहेत आणि चाकाला जास्त.

१. पहिले १,५०० किलोमीटर

पहिल्या १,००० किमीत आरपीएम कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाच्या आत ठेवा आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडी रेटणंही तितकंच वाईट. पुढच्या ५०० किमीत हळूहळू वर जा. वेग सतत बदलता हवा, त्यामुळे समृद्धीवर क्रूझ कंट्रोल लावून एकाच वेगात नागपूर गाठणं म्हणजे रन-इन (नव्या इंजिनाला हळूहळू रुळवणं) नव्हे. बीएमडब्ल्यूच्या एम३-एम४सारख्या गाड्यांना २,००० किमीची मर्यादा असते आणि तेव्हा ऑइल बदलावं लागतं. ती सर्व्हिस चुकवू नका.

नवे ब्रेक पॅड २००-३०० किमीत आणि टायर साधारण ५०० किमीत पूर्ण पकड धरू लागतात. ऐंशीवरून वीसवर दहा वेळा ब्रेक मारण्याचे जे व्हिडिओ फिरतात ते मुख्यतः रेसिंग किंवा बाहेरून घेतलेल्या परफॉर्मन्स पॅडसाठी आहेत, कंपनीच्या पॅडना त्याची गरज नाही.

ऑइलचं तापमान ८० अंशांवर गेल्याशिवाय गाडी ताणू नका. कूलंटचा काटा ९०वर आधीच पोचतो, त्याच्यावर विसंबू नका. नाशकात डिसेंबरच्या सकाळी कॉलेज रोडवरून निघून मुंबई नाक्याला येईपर्यंत ऑइल गरम झालेलं नसतं. टर्बोसाठी शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवली की पुरे. डिपस्टिक असेल तर दर पंधरवड्याला बघा. फोक्सवॅगन समूहाच्या मॅन्युअलमध्ये १,००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल खपणं मान्य आहे, म्हणजे सर्व्हिसपर्यंत बघितलंच नाही तर काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा.

२. हवा

स्वतःचा गेज घ्या. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा हा कमाल दाब, तो भरायचा नसतो. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो. एप्रिलच्या दुपारी समृद्धीच्या काँक्रीटवरून आल्यावर ३३चे ३८ दिसले तर हवा सोडू नका. सोडलीत तर थंड झाल्यावर टायर कमी दाबाचा होईल, आणि कमी दाबाचा टायरच वेगात तापून फुटतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे, वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

गोल्फ किंवा व्हर्टसची टीपीएमएस, म्हणजे टायरची हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा, दाब मोजतच नाही. एबीएसच्या सेन्सरवरून चाकांच्या फिरण्यातला फरक ती पकडते. हवा भरल्यावर ती रीसेट करावी लागते, आणि चारही चाकांची हवा सारखी उतरत गेली तर तिला पत्ता लागेलच असं नाही.

३. धुणं

चाक हाताला थंड लागल्यावरच. वॉशिंग सेंटरवाल्याच्या बिनलेबलच्या बाटलीतलं ‘अ‍ॅलॉय क्लीनर’ बहुतेक वेळा अ‍ॅसिडचं असतं. ते डायमंड-कट (मशीनने कापून चकचकीत केलेल्या) अ‍ॅलॉयच्या लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, शिरलं की पांढऱ्या, किड्यासारख्या रेषा पसरतात आणि त्या पॉलिशने जात नाहीत. पीएच-न्यूट्रल आयर्न रिमूव्हर वापरा. ब्रेकच्या धुळीतल्या लोखंडाशी लागला की तो जांभळा होतो. तीन-चार मिनिटांत, वाळण्याआधी धुऊन काढा. बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसा, नाहीतर क्षारांचे डाग बसतात.

रीमची आतली बाजू विसरू नका. दिंडोरी-निफाडकडच्या शेतरस्त्यावरून आलेली काळी माती आत चिकटून वाळते आणि नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागतं. लोक बॅलन्सिंगचे पैसे देऊन येतात, जे काम पाण्याच्या पाइपने झालं असतं. धुतल्यावर थोडं चालवून चार-पाच वेळा हलका ब्रेक लावा, म्हणजे डिस्क वाळते आणि रात्रीत पॅड चिकटत नाहीत.

४. चाक काढणं आणि परत बसवणं

इथे घाई करू नका, आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका.

आधी बोल्ट ओळखा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या कंपनीच्या अ‍ॅलॉयला गोल बसणीचा बोल्ट लागतो, म्हणजे डोक्याखालचा भाग चेंडूसारखा. बीएमडब्ल्यूचा आणि बाहेरून घेतलेल्या बहुतेक अ‍ॅलॉयचा तिरका, शंकूसारखा. दोन्ही हाताने आत जातात, दोन्ही आवळले जातात, म्हणून फरक कोणी बघत नाही. पण गोल बसणीच्या भोकात शंकूचा बोल्ट फक्त एका बारीक कडेवर टेकतो. काही शे किलोमीटरमध्ये ती कड दबते, बोल्ट सैल होतो आणि मग चाकाचं भोक गोल राहत नाही. नवे अ‍ॅलॉय घेताना दुकानदाराला विचारा, “सीटिंग कोणतं?” तो गोंधळला तर दुकान बदला.

लांबीही बघा. १४ मिमी जाडीचा आणि १.५ पिचचा (दोन आट्यांत १.५ मिमी अंतर असलेला) बोल्ट निदान साडेसात फेरे आत गेला पाहिजे, आणि हे फेरे बोटांनी मोजायचे. स्पेसर (चाक बाहेर सरकवायला मागे टाकायची चकती) टाकून जुनेच बोल्ट वापरणाऱ्यांना हा हिशोब सहसा ठाऊक नसतो. माझं ऐकाल तर रोज वापरायच्या गाडीला स्पेसर लावूच नका.

अ‍ॅलॉयचं मधलं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, घट्ट बसायला हवं. फोक्सवॅगनच्या गाड्यांचा हब ५७.१ मिमीचा असतो. बाहेरच्या अ‍ॅलॉयचं भोक मोठं असेल तर मध्ये सेंटरिंग रिंग हवीच. तिच्याशिवाय चाक केंद्रात बसत नाही आणि मशीनवर शून्य दाखवलेलं बॅलन्सिंग रस्त्यावर फुकट जातं.

आता हबचा चेहरा. चाक निघाल्यावर तारेच्या ब्रशने किंवा हिरव्या स्क्रबरने गंज आणि माती साफ करा, अ‍ॅलॉयच्या मागची बाजूही. हबवर कागदापेक्षा पातळ गंजाची पपडी राहिली, तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेला ती साधारण दुप्पट डुगडुग देते, कारण कड केंद्रापासून दुप्पट लांब असते. ही डुगडुग लगेच जाणवत नाही. डिस्क दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते, काही हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी जागोजागी कमी-जास्त होते आणि मग ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग हादरतं. वर्कशॉप म्हणतं डिस्क वाकली. डिस्क क्वचितच वाकते. नवी डिस्क त्याच घाण हबवर बसवली की सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

बोल्टला ग्रीस, ऑइल, तांब्याची पेस्ट काहीही लावायचं नाही. आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. वंगण लावलेला बोल्ट त्याच टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) कितीतरी जास्त ताणला जातो. हबच्या मधल्या उंचवट्यावर मात्र अगदी पातळ हात चालेल, म्हणजे चाक चिकटून बसत नाही.

फोक्सवॅगन-बीएमडब्ल्यूला हबवर स्टड (चाक अडकवायच्या आट्याच्या दांड्या) नसतात, त्यामुळे चाक हातात धरून भोक जुळवावं लागतं. यात अ‍ॅलॉय घसरतो आणि कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) किंवा डिस्कच्या कडेवर आपटतो. वरच्या भोकात अलाइनमेंट पिन लावा. काही गाड्यांच्या किटमध्ये ती असते, नसेल तर त्याच आट्याची विकत घ्या. पहिले तीन-चार फेरे पाचही बोल्ट बोटांनीच फिरवा. पहिल्याच फेऱ्यात अडला तर पाना लावू नका, बोल्ट बाहेर काढा.

मग आवळणं. चाक हवेत असताना चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक, हलकं आवळा. गाडी टायर जमिनीला टेकेल इतकी खाली घ्या आणि टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरावर वाजणाऱ्या पान्याने) त्याच क्रमाने पूर्ण करा. गोल्फ-ऑक्टेव्हियाला १२० न्यूटन-मीटर, बीएमडब्ल्यूच्या १४ मिमी बोल्टला १४०, ह्युंदाई आय२० एन लाइनच्या नटला १०७ ते १२७. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो अंतिम. रेंच एकदा ‘कट्’ वाजला की थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवणारे दर वेळी थोडं जास्तच आवळतात. ५० ते १०० किमी चालवून, चाक थंड असताना परत एकदा तपासा.

रेंच अर्ध्या इंची चौकोनी टोकाचा, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा घ्या. फोक्सवॅगन-बीएमडब्ल्यूला १७ मिमीचा पातळ भिंतीचा सॉकेट लागतो, ह्युंदाईला २१ मिमीचा. प्लास्टिक बाहीचा सॉकेट घेतलात तर अ‍ॅलॉयचं भोक सोलत नाही. काम झालं की रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

पंक्चरच्या दुकानात बोल्ट फिरवायची मशीनची गन किती आवळते हे त्या माणसालाही माहीत नसतं. गन नसेल तर तो पान्यावर उभा राहतो: सत्तर किलोचा माणूस दोन फुटी पान्यावर म्हणजे ४०० न्यूटन-मीटर, लागतं त्याच्या तिप्पटच्या आसपास. म्हणून “भाऊ, सोडायला गन चालेल, लावताना नको. हाताने बसवा, शेवटचं मी आवळतो” हे चाकाला हात लागण्याआधी सांगा आणि तिथेच उभे राहा. लॉकिंग बोल्टवर (चोरी टाळायला दिलेल्या, खास चावीनेच निघणाऱ्या) तर सोडायलाही गन नको, चावीचे दात तुटतात. ती चावी किटमध्ये आहे ना, हे आज बघा, कसारा घाटात नव्हे.

५. टायर बदलताना आणि खड्ड्यानंतर

नवा टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा: आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. लोड आणि स्पीडची अक्षरं मूळ टायरपेक्षा खालची घेऊ नका. मशीनच्या जबड्याला प्लास्टिकचं आवरण नसेल तर अ‍ॅलॉय देऊ नका. मोठ्या कॅलिपरच्या गाडीत चिकटवायचं वजन रीमच्या आत कुठे लावतात यावर डोळा ठेवा. जागा चुकली तर ते कॅलिपरला घासून उडतं. निघण्याआधी चाक हाताने एक फेरा फिरवून बघा.

पावसाळ्यात वडपे-गोंदे पट्ट्यात खड्डा जोरात बसला तर गाडी बाजूला घेऊन टायरच्या दोन्ही कडांवरून हात फिरवा. फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेत, तो टायर गेला. पंक्चरवाला काहीही म्हणो. रीम वाकली असेल तर ती गॅसने तापवून सरळ करणाऱ्याकडे जाऊ नका. अ‍ॅलॉयला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं, ज्योतीने ते मऊ पडतं. थंड प्रेसने किरकोळ वाक निघतो. तडा गेला असेल तर वेल्डिंग नको, नवा घ्या. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागा.

६. आवाज कुठला, थरथर कुठली

• ८० ते ११०च्या मध्ये स्टेअरिंग थरथरतं आणि वेग वाढला की कमी होतं: पुढचं बॅलन्सिंग किंवा रीम. सीटमध्ये जाणवलं तर मागचं.

• फक्त ब्रेक लावल्यावर: डिस्कची जाडी. हब बघा.

• फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, सोडलं की थांबतं: आतला सीव्ही जॉइंट (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) किंवा इंजिन माउंट.

• पूर्ण वळवताना टकटक: बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी आवरण फाटून ग्रीस उडालंय का बघा.

• वेगाबरोबर वाढणारी घरघर उजवीकडे वळताना वाढते: डावं बेअरिंग. वळताना आवाज बदलत नसेल तर टायरवर उलटसुलट हात फिरवा. दातेरी लागला तर बेअरिंग ठीक आहे, टायर विषम झिजलेत.

• घाटाच्या ट्रॅफिकमध्ये १.५ टीएसआयचा ड्राय-क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गचके देतो: चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय सोडा. ब्रेकवर उभी करा, पुढे गाडीभर जागा झाली की एकदम निघा. तरीही गचके राहिले तर वर्कशॉप.

७. वर्कशॉपमध्ये तक्रार

“गाडी थरथरते” असं लिहून देऊ नका. वेग, गिअर, ब्रेकवर की अ‍ॅक्सिलरेटरवर, गाडी थंड असताना की गरम, हे जॉब कार्डवर तुमच्यासमोर लिहून घ्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून अंबड-सातपूरच्या रस्त्यावर तो आवाज ऐकवा. फॉल्ट कोड पुसण्याआधी त्याची प्रिंट मागा. एकच तक्रार दुसऱ्यांदा असेल तर जुन्या जॉब कार्डचा नंबर नव्यावर टाकायला लावा. वॉरंटीत हाच कागद उपयोगी पडतो. आणि इंजिनाचं रीमॅपिंग (ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदलणं) केलं असेल तर आधीच सांगा. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्यावर फरक दिसू शकतो, आणि त्यानंतर गिअरबॉक्सचं बिलही तुमच्याच नावावर निघतं.